टिंब

उद्यमबागेत रात्री पावणेतीनला
प्रेस थांबलेले असतात,
पलीकडच्या फाउंड्रीचा ब्लोअर तेवढा घरघरतो.
मी व्हर्नियर पुसत बसलो होतो
तेव्हा दोन नंबरच्या मशीननं
आपला सगळा जीव क्लॅम्पवर आपटला.

धडाम् नव्हे. धडाम् हे पडणाऱ्याचं असतं.
हे धावणाऱ्याचं होतं:
ठण्ण, आणि त्याच्या पोटात खर्रर्र,
ट्यूबलाइट एकदा मिचकावली,
आणि पडद्यावर लाल अक्षरं.
कटरचे चार इन्सर्ट दाराच्या काचेत जाऊन बसले.
पाचवा चार दिवसांनी टाकीच्या गाळात सापडला.
कूलंट मात्र चालूच, दुधासारखं,
फाटलेल्या जॉबवरून निवांत ओघळत.

भरमानं लाल बटण दाबलं होतं.
दबलं होतं तरी दाबतच होता.
"एनातु?" म्हणाला, स्वतःलाच.
मग माझ्याकडं वळून, "मी काय केलो नाही हो, मिस्त्री."

खरंच होतं ते. मशीननंही काही केलं नव्हतं.
झेड पन्नास म्हणाल तर ती पन्नास मायक्रॉन समजते.
पन्नासच्या पुढं टिंब द्याल,
तेव्हा कुठं पन्नास मिलिमीटर वर थांबते.
टिंब नव्हतं.
म्हणून कटर जॉबच्या अंगावरून, केसभर उंचीवरून
रॅपिडनं निघाला, मिनिटाला तीस मीटर.
वाटेत क्लॅम्प आहे
हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सकाळी हंचिनमनी मालक आले, कपाळावरची विभूती अजून ओली.
डायल लावला, स्पिंडल हातानं फिरवला.
सुई आठ घरं गेली, परत आली, पुन्हा गेली.
आठ घरं म्हणजे नवं बेअरिंग, पुण्याहून माणूस,
आणि व्हॉल्व्हची ऑर्डर शेजारच्या शेडात.
ओरडले नाहीत. एवढंच विचारलं,
"टाइप यार माड्यार?"

टाइप भरमानं केलं होतं.
सगळ्यांनी भरमाकडं पाहिलं.
मीही पाहिलं.

कागद माझ्या खिशात होता.
तिसऱ्या गेटला मालगाडीपायी थांबलो तेव्हा काढला.
माझंच अक्षर. वळणदार,
चौथीत ह्याच अक्षराला कंपासपेटी मिळाली होती.
झेड पन्नास. पुढं कोरं.

भरमा कन्नड शाळेतला.
त्यांच्यात अनुस्वार म्हणजे पुरतं शून्य,
वाटोळं, ओळीत जागा धरून बसणारं.
आमचं टिंब म्हणजे पेनाची नुसती टेकण.
राहिलं तर राहिलं, वाचणारा समजून घेतो.
मला आयुष्यभर समजून घेणारेच वाचक मिळाले.
भरमानं मात्र जे दिसलं ते मारलं,
एक बटण जास्त नाही, एक कमी नाही.

कोळशाच्या वाघिणी संपत नव्हत्या.
पेन वरच्या खिशात.
टिंब द्यायला किती वेळ लागतो?
एक वाघीण जाऊन दुसरी येईपर्यंत तीन देता येतील.
टोपण काढलं.

मागं कुणीतरी हॉर्न मारत होता.
गेट कधीच उघडलं होतं.

भरमाचे सोळा दिवस कापले.
आता तो मच्छेच्या एका शेडात साध्या लेथवर असतो,
हातानं चाक फिरवायचं, कानानं ऐकायचं.
रस्त्यात दिसला की हात करतो, "जेवलासा काय, मिस्त्री?"
जेवलो म्हणतो.

दोन नंबर पुन्हा चालते.
चार हजार आरपीएमला एक बारीक कुरकुर आहे,
मालकांना ऐकू येत नाही.
काच बदललेली नाही, नवी पोरं
त्या चार खड्ड्यांवरून बोट फिरवून बघतात.

कागद अजून माझ्या पेटीत आहे, व्हर्नियरखाली.
पन्नासच्या पुढं टिंब आहे.
शाई जरा वेगळी.
कुणी बघायला मागितला नाही.